मोटारीचं दावं

केजच्या गुरांच्या बाजारात बैल घ्यायचा आणि सुंदररावांना विचारायचं नाही, असं तीस वर्षांत फारसं कुणी केलं नव्हतं. ज्यानं केलं त्याचा बैल पुढं बसका निघाला, आणि निघाला नाही तरी लोक तसं म्हणत. सुंदरराव बैलाभोवती एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरत, दात बघत, पाठीवरचा भोवरा बघत, शेपटीला हात लावून काहीतरी पुटपुटत आणि निकाल देत. तहसीलदाराच्या निकालावर वर अपील होतं. सुंदररावांच्या निकालावर नव्हतं. जमीन बेताची, घर बेताचं, पण बाजारात शिरले की चार माणसं उठून उभी राहत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणसाजवळ एवढं असलं म्हणजे त्यानं गप घरी बसावं. सुंदररावांनी मोटार घेतली.

घ्यायची असं काही ठरलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. परळीहून सांगावा आला होता. त्यांच्या मेहुण्याला, आश्रुबाला, लग्नानंतर अठरा वर्षांनी मुलगा झाला होता. बारसं बाराव्या दिवशी. सांगावा पोचला तोवर पोरगं तीन दिवसांचं झालेलं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आश्रुबाला बहीण एकच, म्हणजे सुंदररावांची बायको तुळजाबाई.

तुळजाबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग सगळ्या आळीला गूळ वाटून आल्या आणि मग चुलीपुढं गप बसल्या. आठ वर्षांपूर्वी ओढ्यात बैलगाडी उलटली होती, तेव्हापासून त्यांची कंबर गेलेली. गाडीत बसलं की पहिल्या धक्क्याला डोळ्यांपुढं अंधारी यायची. आठ वर्षांत त्या गाडीत बसल्या नव्हत्या आणि परळी तर सतरा-अठरा कोस.

"मी कशाची जाते," त्या म्हणाल्या. "ठेवील नाव दुसरी कोणी. अठरा वर्सं नवस मी केले आन् कानात कुर्र करायला शेजारीण."

तिथं सुंदररावांचा चुलतभाऊ बंकट बसलेला होता. बंकट अशा वेळी नेमका बसलेला असे. तो म्हणाला, "वहिनी, नशिबात न्हाई म्हणायचं. मोटार असती तर गोष्ट येगळी होती."

"मग मोटारीनं नेतो," सुंदरराव म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या."

आता हे वाक्य माघारी घेता आलं असतं. पण तुळजाबाईंनी चुलीपुढून मान वळवून असं पाहिलं की सुंदररावांना वाटलं, आपण खरंच तसले गृहस्थ आहोत. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोनं असं पाहिलं तर माणूस मोटार काय, आगगाडीसुद्धा घेईल.

मोटार होती तांबवाडीच्या राधाकिशनकडे. तांबवाडी मोमिनाबादच्या पुढं, परळीच्या वाटेवर. राधाकिशन पूर्वी सडकेची ठेकेदारी करायचा, त्या भरात त्यानं कुणा साहेबाची जुनी मोटार घेतली होती. आता ठेकेदारी संपून शेती उरली होती आणि शेतीला मोटार जुंपता येत नाही. त्याला बैल हवे होते. सुंदररावांची पांढरी जोडी तर तीन तालुक्यांत माहीत. बैलजोडी आणि वर थोडं धान्य द्यायचं आणि मोटार न्यायची असं बाळाच्या चौथ्या दिवशी दुपारी तांबवाडीत ठरलं.

सुंदररावांनी मोटार पाहिली ती रीतीप्रमाणंच. उजवीकडून एक फेरी, डावीकडून एक फेरी. पुढचं झाकण उघडायला लावून आत डोकावले आणि मान हलवली. आत जे काही होतं त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवायची सवय होती. मागच्या बाजूला हात फिरवला, तिथं चटका बसला, तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. राधाकिशनच्या ड्रायव्हरनं मोटार सकाळपासून चालूच ठेवली होती. गिऱ्हाइकापुढं ती चालू करायची वेळ आणायची नाही एवढी अक्कल त्याला होती.

"धापा टाकतीया," सुंदरराव म्हणाले.

"नवी असतानाबी टाकायची," राधाकिशन म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि पुढं हेच सुंदररावांना जड गेलं.

मग सुंदररावांनी आपल्या बैलांच्या गळ्यातली दावी सोडली. ही आपल्याकडची रीतच आहे. जनावर विकावं, दावं विकू नये. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि विकणाऱ्यानं आपलं घरी न्यायचं. दावी गुंडाळून काखेत मारताना सुंदररावांचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरून आले की त्यांना न्यायनिवाडा करायची हुक्की येई.

"राधाकिशनराव, ही अदलाबदल हाय. रीत दोन्हीकडून पाळायला पायजे. तुमीबी तुमचं दावं ठेवून घ्या."

"मोटारीला कुठलं आलं दावं?"

सुंदररावांनी मोटारीला तिसरी फेरी मारली. पुढं, अगदी तोंडाशी, एक वाकडा लोखंडी दांडा लोंबत होता. "हे काय," ते म्हणाले. "तोंडाशी लोंबतंय, धरायला वाकडं केलंय. दावं नसून काय हाय?"

"अहो, ते हँडल हाय. ते लागतंय."

"लागतंय तर आमी आमचं आणू. तीस वर्सं मी लोकांना सांगतोय, दुसऱ्याच्या गोठ्याचं दावं घरात घेऊ नगा. आन् मी स्वता घेऊ?"

राधाकिशन दांडा उपसून हातात घेऊन त्यांच्या मागं मागं दोन वेळा आला. "घ्या हो सुंदरराव, आयका माझं." पण भोवती गाव जमलं होतं आणि गाव म्हणत होतं, वा, माणूस असावा तर असा. त्या 'वा'नं घात केला. सुंदररावांनी हात जोडले, मान दुसरीकडं फिरवली आणि मोटारीत बसले. राधाकिशनच्या म्हातारीनं दांड्याला हळदकुंकू लावून तो गोठ्यात खुंटीला टांगला.

दिवेलागणीला मोटार गावात शिरली. बायकांनी ओवाळलं. नारळ फोडायला दगड सापडेना म्हणून बंकटनं तो मोटारीच्याच पुढच्या लोखंडावर फोडला, तिथं खोक पडली ती कायमची. मारुतीच्या देवळाशी, टेकाडावर, मोटार बंद झाली. ड्रायव्हर खाली उतरला, पुढं गेला, वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"सरकार, हँडल किधर है?"

सुंदररावांनी त्याला बाजूला घेऊन दाव्याची रीत समजावून सांगितली. ड्रायव्हरनं टोपी काढली, बराच वेळ सुंदररावांकडे पाहिलं आणि टोपी परत घातली. मग त्यानं सांगितलं की हा दांडा पुढून घालून गरगर फिरवल्याशिवाय मोटार जागी होत नाही. नाही म्हणायला, उतारावरून सोडून दिली आणि बेताच्या वेळी पायाखालचं सोडलं तर होते. टेकाड आहे तोवर मोटार आहे. दोन दिवस राहून त्यानं सुंदररावांना चालवायला शिकवलं आणि जाताना पाया पडला. का पडला ते कळलं नाही.

इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सुंदररावांनी त्याच दिवशी तांबवाडीला माणूस धाडून दांडा मागवला असता तर ही कथा इथंच संपली असती. पण नाकारलेलं दावं परत मागायचं? ज्यानं तीस वर्षं बाजारात रीत सांगितली त्यानं? त्यांना तो निरोप तोंडातल्या तोंडात म्हणून पाहतानासुद्धा कानापर्यंत लाज चढली.

"अहो, तो दांडा का काय म्हणतो ड्रायव्हर, तो कुठंय?" तुळजाबाईंनी जेवताना विचारलं.

सुंदररावांनी भाकरीचा घास आमटीत बुडवला, पुन्हा बुडवला. "त्यानं ठेवून घेतला," ते म्हणाले.

हे वाक्य तपासून पाहिलं तर खोटं नव्हतं. ठेवून तर त्यानं घेतलाच होता. सुंदररावांनी त्या रात्री ते बरेचदा तपासून पाहिलं.

"कावून?" तुळजाबाई ताडकन म्हणाल्या. "मोटार दिली आन् दांडा ठेवला? मेल्याचे हात झडले न्हाईत! तुमी आपली दोन्ही पोरं दिली त्याला, पांढरी शुभ्र. तुमी उभ्या जन्मात कुणाला दगा केला न्हाई, म्हणून लोक तुमाला असं करतात."

सुंदररावांना ठसका लागला. तुळजाबाईंनी पाणी दिलं, पाठ चोळली. त्या पाठ चोळत होत्या तेव्हा सुंदररावांना वाटलं, भुई फाटून आपण आत शिरावं.

पुढं बाळाच्या सातव्या दिवशी त्यांना केजच्या कचेरीत जावं लागलं. परळीपर्यंत मोटार न्यायची तर परवाना पाहिजे, आणि परवान्याला दरखास्त, आणि दरखास्तीबरोबर मोटारीच्या सामानाची यादी. मुन्शी मोठा अदबीचा माणूस. त्यानं सुंदररावांना स्टूल दिलं, पानाचा डबा पुढं केला आणि एकेक नाव घेऊन पुढं खूण करत गेला.

"चाक?"

"चार. एक मागं टांगलेलं."

"भोंगा?"

"हाय."

"हँडल?"

सुंदररावांनी पान गालात सरकवलं. "ते... विकणाऱ्याकडं हाय."

मुन्शीनं लेखणी थांबवली. त्याच्या भुवया वर गेल्या. "रख लिया उसने?"

"ठेवून घेतलं."

"जबरदस्ती?"

आता सुंदररावांनी मान हलवली ती अशी, की उजवीकडून पाहणाऱ्याला होय वाटावं आणि डावीकडून पाहणाऱ्याला नाही. मुन्शी उजवीकडं बसला होता. तो तीन ओळी उर्दूत लिहून गेला, शेवटी बोट ठेवून म्हणाला, "दस्तखत." सुंदररावांना उर्दू येत नव्हतं. दस्तखत मात्र येत होतं, तेच त्यांनी केलं. मुन्शी उठून म्हणाला की आपल्यासारख्या सज्जनाला असं फसवावं म्हणजे काय, त्या इसमाला पाच दिवसांनी इथं उभा करतो आणि दांडा तुमच्या दारात आणून टाकतो. त्यानं सुंदररावांचा हात दोन्ही हातांत धरला. 

सरकारी कागद महिना महिना जागचा हलत नाही असं आपण ऐकतो. हा हलला.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सकाळी मोटार टेकाडावरून सुटायची, गावाला तीन फेऱ्या घालायची आणि सुंदररावांचा पाय कुठंतरी चुकून सपाटीवर बंद पडायची. मग ती टेकाडावर चढवायला बैल लागायचे. सुंदररावांचे बैल तांबवाडीत. म्हणून बंकटचे यायचे. बंकट स्वतः पुढं चालायचा, हातात कासरा, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "दादाची मोटार हाय, दादाची." तात्याबा लोहाराला नवा दांडा घडवायला सांगितला. तो म्हणाला, घडवतो की, नमुना आणा. नमुना कुठं होता? सुंदरराव म्हणाले, अंदाजानं घडव. तात्याबानं अंदाजानं जे घडवलं त्यानं पुढं लसणाचा वाफा खणता आला असता, मोटारीत ते शिरलं नाही.

एक दिवस तुळजाबाई सराव म्हणून मोटारीत बसणार होत्या. इरकली लुगडं, नथ, कपाळाला मळवट, अशा दारात उभ्या. सुंदरराव आले आणि न थांबता गेले. थांबलं तर सुरू कशी करायची? दुसऱ्या फेरीला त्यांनी जाता जाता ओरडून सांगितलं, "तिथंच थांब!" तिसऱ्या फेरीला म्हणाले, "घरात जा!" शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तुळजाबाई घरात गेल्या आणि नथ काढून ठेवली. संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "त्या तांबवाडीवाल्याचं कधी भलं व्हायचं न्हाई." सुंदररावांना वाटलं, आता सांगावं. पण ज्या तोंडानं सांगायचं त्या तोंडात तेवढ्यात त्यांनी सुपारी टाकली.

बारावा दिवस उजाडला. तुळजाबाई कमरेवर हात ठेवून, बसत उठत, टेकाड चढून गेल्या, कारण मोटार त्यांच्या दारात येऊ शकत नव्हती. बाळाचं अंगडं, टोपडं, चांदीचे वाळे, सगळं मांडीवर. सगळ्या गावानं धक्का दिला आणि मोटार सुटली. सुंदररावांचा बेत साधा होता. परळीशिवाय कुठं थांबायचं नाही. तांबवाडी तर अशी पार करायची की गावाला कळूच नये. सडक राधाकिशनच्या वाड्यावरूनच जात होती, तेव्हा तेवढ्या टप्प्यात डोळे नाकासमोर ठेवायचे.

केज गेलं, मोमिनाबाद गेलं. तुळजाबाईंना एकही धक्का जाणवला नव्हता. त्या वाटेत दोनदा म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसल्यागत वाटतंय." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "तुमी शब्द पाळला हो." सुंदररावांनी नजर सडकेवरून हलवली नाही.

तांबवाडी आली. सुंदररावांनी भोंगा वाजवला, डोळे नाकासमोर ठेवले आणि नाकासमोर मेंढरं होती. म्हाळू धनगर आणि त्याची बायको दगडाबाई दोनेकशे मेंढरं घेऊन सडक ओलांडत होते. मेंढराला भोंगा कळत नाही. सुंदररावांनी पाय आवळला. मोटारीनं एक हिसका दिला, एक सुस्कारा टाकला आणि राधाकिशनच्या वाड्यासमोर, तळहातासारख्या सपाट सडकेवर, ती गप झाली.

अंगणात बैलगाडी जुंपून तयार होती. जुंपलेली जोडी पांढरी होती. गाडीत बसायला निघालेला राधाकिशन मोटार पाहून धावत आला, त्याच्या हातात एक कागद होता.

"सुंदरराव," तो म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "सुंदरराव, मी तुमचं काय केलतं?"

"काय केलं म्हणून इचारतो?" तुळजाबाई मोटारीतूनच कडाडल्या. "आमचा दांडा टाक आधी! आठ दिवस ह्या माणसाच्या घशाखाली घास उतरंना तुझ्यामुळं. जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव!"

राधाकिशन त्यांच्याकडं बघतच राहिला. "वहिनी, अहो मी तर दांडा हातात धरून ह्यांच्या मागं मागं फिरलो. घ्या म्हणलं, लागतंय म्हणलं. हेच म्हणले, दुसऱ्याच्या गोठ्याचं दावं घरात घेत न्हाई. आख्खं गाव होतं. आन् आता कचेरीतून हुकूम आला, मी दगाबाजीनं दाबून ठेवला म्हणून. आज केजला उभं ऱ्हायचंय मला. आमच्या घरात कुणी आजवर गुन्हेगार म्हणून कचेरीची पायरी चढलं न्हाई."

मेंढरं मोटारीच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. म्हाळू काठी टेकून उभा राहून ऐकत होता. तुळजाबाईंनी सुंदररावांकडं मान वळवली.

"खरं हाय का हे?"

सुंदररावांनी मेंढरांकडं पाहिलं. एक काळं मेंढरू मागं राहिलं होतं. ते पुढच्यांत मिसळेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"हाय," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी मांडीवरचं बोचकं घेतलं, दार ढकललं आणि त्या खाली उतरल्या. राधाकिशननं दांडा आणून पुढून घातला, दोन गरके दिले आणि मोटार धडधडू लागली. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी आठ दिवस! दांड्यावर हळदकुंकवाचे थर होते. तो त्यानं सुंदररावांच्या मांडीवर ठेवला. "बसा वहिनी, झाली चालू."

"मोटारीला काय झालंय," तुळजाबाई म्हणाल्या. "मला हेंच्यासंगं बसायचं न्हाई. राधाकिशनराव, मला परळीला सोडता का गाडीनं?"

"वहिनी, पाच कोस हायेत. तुमची कंबर..."

"असू द्या. माझेच बैल हायेत, संभाळून नेतील."

राधाकिशननं हातातला कागद घडी करून खिशात घातला. त्याला केजला जायचं होतं, नाही गेला तर कचेरी काय म्हणेल ते कचेरीला माहीत. तो म्हणाला, "बसा." दगडाबाईनं न विचारता आपल्या दोन्ही घोंगड्या गाडीत अंथरल्या आणि तुळजाबाईंना काखेत धरून वर चढवलं.

सुंदरराव मोटार घेऊन जवळ आले. "अगं ऐक..."

"मागं ऱ्हायचं," तुळजाबाई समोर बघत म्हणाल्या. "म्होरं यायचं न्हाई."

तेव्हा परळीच्या सडकेवर त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी हे पाहिलं: पुढं बैलगाडी, आणि तिच्या मागं, तिच्या धुळीत, बैलाच्या चालीनं मोटार. मोटारीला असं चालायची सवय नव्हती. ती तापली, पुढून वाफ येऊ लागली, दर ओढ्याला तिला पाणी पाजावं लागलं. वाटेतल्या शेतांतून माणसं बांधावर येऊन उभी राहत. कुणीतरी विचारलं, बैलांनी मोटार ओढतात हे ठाऊक होतं, पण ही मोकळीच मागं का हिंडतीया? सुंदररावांना त्याचं काही नव्हतं. गाडीला दगड लागला की पुढून एक 'आई गं' ऐकू येई, अगदी बारीक, दातांत धरलेलं. ते ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी एकदा भोंगा वाजवला. मग स्वतःचीच एवढी शरम वाटली की पुन्हा वाजवला नाही. पाच कोसांत त्यांनी ते सतरा वेळा ऐकलं.

परळीत पोचले तेव्हा पाळणा बांधून तयार होता. आश्रुबा धावत आला. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून तो म्हणाला, "अक्का, मोटार मागं मोकळी आन् तू गाडीत? हे काय?"

अंगणात पन्नासेक माणूस होतं. सगळे बघत होते. सुंदररावांनी डोळे मिटले.

"मला मोटार सोसंना," तुळजाबाई म्हणाल्या. "बसलं की डोकं गरगरतंय. हेंनी लई इनवण्या केल्या, मीच आयकलं न्हाई. मग बिचारे मागं मागं आले, धूळ खात."

सगळीकडून वाहवा झाली. नवरा असावा तर असा. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की बायकोसाठी मोटार बैलाच्या चालीनं आणणारा माणूस आम्ही जन्मात पाहिला नाही. सुंदररावांच्या पाठीवर कुणी थाप मारली. धूळ उडाली.

"आन् ते दांड्याचं ऐकलं आमी बाजारात," आश्रुबा म्हणाला. "कोण तो तांबवाडीचा हरामखोर? सापडला पायजे एकदा. तुमच्यासारख्या देवमाणसाला..."

राधाकिशन दारात उभा होता, हातात चाबूक, अंगावर धूळ. सगळे त्याला भाड्याचा गाडीवान समजत होते. त्यानं खाली पाहिलं आणि बैल सोडायला वळला. तो काही बोलणार नव्हता, सुंदररावांना ते कळलं. त्यांना हेही कळलं की आपण गप राहिलो तर हे इथं कायमचं मिटलं. तुळजाबाई बोलणार नव्हत्या, राधाकिशन बोलणार नव्हता, आणि केजच्या बाजारात चार माणसं उठून उभी राहत राहिली असती.

"तो हरामखोर मी हाय," सुंदरराव म्हणाले.

आवाज फुटला नव्हता नीट, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. लाजेची गोष्ट एकदा सांगणं कठीण, दोनदा सांगणं त्याहून. मग त्यांनी सगळं सांगितलं. दावं, दांडा, गावानं म्हटलेलं 'वा', आमटीत बुडवलेला घास, मुन्शी उजवीकडं बसला होता ते. "राधाकिशनराव हे. दांडा हातात घेऊन माझ्या मागं फिरले. आज माझ्यापायी केजला हजर ऱ्हायचं सोडून माझ्या बायकोला घेऊन आले. उद्या मी कचेरीत जाऊन खोटं लिहून दिलं असं लिहून देतो."

 मग मघाच्या म्हाताऱ्यानं शंका काढली, "म्हंजे मोटारीचं दावं?"

"व्हय."

"तोंडाशी लोंबत होतं म्हणून?"

"व्हय."

म्हातारा आधी नाकातून हसला. मग अंगण हसलं, ओसरी हसली, माजघरातल्या बायका हसल्या, त्यात बाळंतीणही असावी, आणि बाळ दचकून रडायला लागलं. सुंदरराव मध्ये उभे होते. कुणी विचारलं, बैलाचा भोवरा तसा मोटारीचाही पाहिला का? त्यांनी खरं ते सांगितलं, पाहिला. विचारेल त्याला त्यांनी उत्तर दिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तरी लाज तेवढीच होती. ती कमी झाली नाही.

हसू ओसरल्यावर तुळजाबाईंना दोघींनी धरून पाळण्याजवळ नेलं. त्या कमरेत वाकू शकत नव्हत्या, म्हणून आश्रुबानं बाळ उचलून त्यांच्या ओठांशी धरलं. त्यांनी कानात नाव सांगितलं, वैजनाथ. कुर्र झालं. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले ते अगदी हळू, नुसता हात लावून.

पंगत बसायची वेळ झाली. सुंदरराव अंगणाच्या कडेला, मोटारीजवळ उभे होते. आपल्याला कुणी बोलवील असं त्यांना वाटत नव्हतं. तुळजाबाई भिंतीला धरत धरत ओसरीच्या कडेपर्यंत आल्या. तांबवाडीपासून त्या एक अक्षर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"जेवायला बसा," त्या म्हणाल्या. आणि वळता वळता, "राधाकिशनरावांच्या शेजारी बसा."

राधाकिशननं आपला पाट जरा सरकवून जागा केली. सुंदरराव बसले. पानात काय काय वाढलं आहे ते त्यांना फार नीट दिसत होतं, कारण जेवण संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.